शिबिरातली एक सुट्टी आणि नाशिकचे जुने मित्र: भेटीची पक्की आखणी

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत श्रमदानाला, आरोग्य शिबिराला किंवा शाळेच्या कामाला बाहेरगावाहून येणाऱ्या स्वयंसेवकांपैकी पुष्कळांचं नाशिकशी जुनं नातं असतं. कुणी इथे शिकलेलं असतं, कुणाचे वडील नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये, किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात होते, कुणाचं बालपण तांबट आळीत गेलेलं असतं. आठ-दहा दिवसांच्या कामात एक दिवस सुट्टी मिळते आणि मग वाटतं, इतक्या जवळ आलोच आहोत तर सगळ्यांना भेटून घेऊ. गडबड या 'सगळ्यांना' शब्दापाशी सुरू होते. सुट्टी एका दिवसाची म्हणतात, पण हाताशी येतात सहा-सात तास. तेवढ्यात दोन भेटी नीट होतात. पाच भेटी ठरवल्या तर दिवस रिक्षात जातो आणि प्रत्येकाला आपण घाईतच भेटलो अशी रुखरुख उरते. त्यामुळे खालची सगळी आखणी दोन भेटींची आहे. त्यातली एक निवांत, एक छोटी.

आधी सुट्टी पक्की करा, मग मित्रांना कळवा

शिबिराची सुट्टी रविवारीच येते असं नाही. बऱ्याच गावांत आठवडे बाजाराच्या दिवशी कुणी श्रमदानाला येत नाही, म्हणून काम त्या दिवशी बंद ठेवतात. म्हणजे तुम्ही मंगळवारी किंवा गुरुवारी मोकळे आणि नाशिकचे मित्र कामावर. शिवाय पाऊस लागला, सिमेंट आलं नाही, डॉक्टरांची तारीख बदलली की सुट्टी पुढेमागे होते. म्हणून मित्रांना तारीख सांगण्याआधी समन्वयकाकडून चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: सुट्टीची तारीख आणि ती बदलली तर पर्यायी तारीख, सकाळी किती वाजता निघता येईल, रात्री किती वाजेपर्यंत हजेरी हवी, आणि रात्री बाहेर मुक्काम चालतो का. काही संस्थांमध्ये स्वयंसेवकाने एकट्याने बाहेर जायचं नसतं, काहींमध्ये वहीत नोंद करून जावं लागतं. कुठे जाणार, कुणाला भेटणार, परत कधी येणार हे समन्वयकाला लेखी पाठवून ठेवा. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी पुरतात.

मित्राला 'ये ना, आमचं काम बघायला' असं परस्पर बोलावू नका. आश्रमशाळेत किंवा मुलांसोबत काम असेल तर बाहेरच्या माणसाला आत आणण्याचे नियम कडक असतात, आणि ते असायलाच हवेत.

जुना माणूस शोधायचा कसा

जुन्या डायरीतला ०२५३ चा लँडलाइन नंबर आता बहुधा बंद असतो. पत्त्यावर जावं तर वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिलेली असते. तरीही पत्ता टाकून देऊ नका. जुन्या नाशकात, म्हणजे तिवंधा, भद्रकाली, रविवार पेठ, पंचवटी या भागांत, वाडा गेला तरी शेजारचं किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा पेपरवाला टिकून असतो आणि 'ते लोक इंदिरानगरला गेले' एवढं तरी कळतं. हा शोध सुट्टीच्या दिवशी करायचा नाही. नाशकात कुणी ओळखीचं असेल तर आठवडाभर आधी त्यांना विचारायला सांगा.

बाकीचा शोध फोनवर होतो. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर तिथे नुसतं 'अमक्याचा नंबर कुणाकडे आहे का' असं विचारून थांबू नका. ज्याच्याकडे असेल त्याला म्हणा, 'माझा नंबर त्याला दे, त्याला वाटलं तर तो फोन करेल.' वर्गमैत्रिणीच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळा. तिचा नंबर तिला न विचारता तुमच्यापर्यंत पोचला, तर भेटीआधीच अवघडलेपण येतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी फेसबुकवर माहेरच्या नावाने सापडत नाहीत. तिथे भावाच्या नावाने किंवा शाळेच्या नावाने शोधलं तर धागा लागतो.

शोध लागला की भेट ठरवण्याआधी एक चौकशी मधल्या माणसाकडे जरूर करा: घरी सगळं ठीक आहे ना? पंधरा वर्षांत कुणाचे आईवडील गेलेले असतात, कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाची नोकरी गेलेली असते. मित्राचे वडील गेले आणि तुम्हाला कळलं नव्हतं, तर पहिला फोन त्याबद्दलचा हवा. भेटीचा विषय दुसऱ्या फोनला काढा. आणि तुम्ही तेव्हा भेटायला गेला नसाल तर या वेळी मिसळीच्या दुकानात न भेटता घरीच जा, मिठाई न नेता.

पहिला निरोप

निरोप आठ-दहा दिवस आधी पाठवा. दोन दिवस आधी आठवण द्या आणि त्या सकाळी बसमध्ये बसल्यावर 'निघालो' एवढं कळवा. पाड्यावर रेंज कुठे येते ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. पुष्कळ ठिकाणी ती टेकडीवर किंवा पाण्याच्या टाकीपाशीच मिळते. रेंज नसेल तर मित्राला आधीच सांगा की उत्तर रात्रीच मिळेल. नाहीतर तो दिवसभर वाट बघतो आणि तुम्ही त्याला टाळताय असं समजतो.

बऱ्याच वर्षांनी आलेल्या निरोपाबद्दल समोरच्याला पहिली शंका येते ती कामाची: पॉलिसी विकायची असेल, वर्गणी हवी असेल, कुठल्या तरी योजनेत सभासद करून घ्यायचं असेल. ती पहिल्याच निरोपात दूर करा. मजकूर साधारण असा ठेवा:

'अरे, मी अमुक. बीवायके कॉलेजला तुझ्या वर्गात होतो. हरसूलजवळ एका पाड्यावर टाकीच्या कामाला दहा दिवस श्रमदानाला आलोय. येत्या गुरुवारी सुट्टी आहे. सकाळी साडेनऊ ते दुपारी चार नाशकात असेन. तासभर भेटता आलं तर फार बरं वाटेल. तुझ्या ऑफिसजवळ येईन, जेवणाच्या सुट्टीत चालेल. काम काही नाही, वर्गणीही नाही, नुसतं भेटायचंय. नाही जमलं तर तसं सांग, पुढच्या वेळी बघू.'

यात तुम्ही कोण, कुठून येताय, किती वेळ आहे, कुठे येऊ शकता आणि नाही म्हणायची मोकळी वाट, एवढं सगळं आलं. 'भेटू रे एकदा' असा निरोप पाठवला तर 'नक्की!' असं उत्तर येतं आणि पुढे काही घडत नाही.

ग्रुपवर जाहीर घोषणा टाळाच. 'मी येतोय, कोण कोण भेटणार?' असं लिहिलं की वीस अंगठे येतात, जागेवरून वाद होतो, शेवटी तिघं येतात आणि ज्याला मनापासून भेटायचं होतं तो त्या गर्दीत यायचं टाळतो. चौघांचा कंपू हवा असेल तर त्या चौघांनाच वेगवेगळा फोन करा.

कुणाला कधी गाठायचं

नाशकात माणूस कधी मोकळा असतो हे त्याच्या कामावर ठरतं. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून त्यांचे शनिवार-रविवार मोकळे. बँकेतल्या मित्राला शनिवारी सुट्टी महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मित्राला सुट्टीचा वार विचारून घ्या, तो रविवारच असेल असं धरू नका, आणि शिफ्टही विचारा. सेकंड शिफ्टवाला सकाळी निवांत भेटतो. नाइट करून आलेल्याला सकाळी दहाला बोलावणं म्हणजे त्याची झोप मोडणं. दुकानदार मित्राला दुकानातच भेटायचं असेल तर दुपारी दोन ते चार बरं, गिऱ्हाईक कमी असतं.

द्राक्षबागायतदार मित्राचं गणित निराळं. दिंडोरी-निफाडकडे सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंतची काढणी आणि त्यानंतरची खरडछाटणी, एवढे महिने तो बागेतच असतो. त्याला शहरात बोलावू नका. तुम्हीच बागेत जा, तो मजुरांकडे बघत असताना बांधावर बसा. व्यापारी किंवा एक्स्पोर्टवाला माल बघायला आला असेल तर बाजूला व्हा. आणि औषधाची फवारणी चालू असेल त्या दिवशी बागेत शिरूच नका.

बस, रस्ता आणि खरा मोकळा वेळ

खेड्यात संध्याकाळी येऊन रात्री थांबणारी आणि पहाटे परत सुटणारी एसटी म्हणजे मुक्कामी गाडी. तुमचा सगळा दिवस हिच्यावर बेतलेला असतो. ती सकाळी किती वाजता निघते ते गावात कंडक्टरलाच विचारा, भिंतीवरचं जुनं वेळापत्रक बघू नका. नाशकातून ती परत कधी सुटते हेही त्याच वेळी विचारा. सीबीएस (जुनं मध्यवर्ती बसस्थानक), ठक्कर बाजार आणि मुंबई नाक्याजवळचं महामार्ग बसस्थानक ही वेगवेगळी स्थानकं आहेत. परतीची गाडी कुठून लागते ते सकाळी उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या, संध्याकाळी धावपळीत नको.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून तीस किलोमीटरच्या आत आहे, इगतपुरी पंचेचाळीसच्या आसपास, पेठ पंचावन्नच्या आसपास आणि सुरगाणा नव्वदच्या घरात. पण अंतरावरून वेळ काढू नका. पाड्यावरून फाट्यापर्यंतची चाल, गाडीची वाट बघणं आणि घाट मिळून पेठच्या आतल्या गावातून नाशकात पोचायला अडीच-तीन तास सहज जातात. सहाला निघालात तर नऊ वाजतात. परतीची गाडी साडेपाचची असेल तर स्थानकावर पाचला हजर हवं आणि शहरातून निघायला सव्वाचार. नऊ ते सव्वाचार म्हणजे सव्वासात तास. त्यातून शहरातला प्रवास आणि चेहऱ्यावर पाणी मारून कपडे बदलणं वजा केलं की उरतात सहा.

यात्रेच्या दिवसांत एक अडचण ठरलेली. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगगडासाठी, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकच्या निवृत्तिनाथ यात्रेसाठी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरी फेरीसाठी एसटी जादा गाड्या सोडते आणि त्या भरून काढायला खेड्यांच्या काही फेऱ्या रद्द होतात. अशा आठवड्यात सुट्टी आली तर परतीसाठी दुसरा मार्ग ठरवल्याशिवाय निघू नका: काळी-पिवळी जीप कुठून आणि किती वाजेपर्यंत मिळते, किंवा संस्थेची गाडी सामानासाठी नाशकात येणार आहे का.

भेटीची जागा तुमच्या वाटेवरची ठेवा. याने सगळ्यात जास्त वेळ वाचतो.

पेठच्या किंवा दिंडोरी-वणी-सुरगाण्याच्या बाजूने येणारी गाडी पंचवटीतून शहरात शिरते, तेव्हा पंचवटी, रविवार कारंजा, अशोकस्तंभ हा पट्टा सोयीचा. त्र्यंबककडून आलात तर आधी सातपूर लागतं, मग मायको सर्कलवरून कॉलेज रोड जवळ. गिरणारे बाजूने आलात तर गंगापूर रोड. इगतपुरी-घोटीकडून आलात तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, मुंबई नाका. मित्र नाशिकरोडला, देवळाली कॅम्पला किंवा भगूरला राहत असेल तर नीट विचार करा. नाशिकरोड स्टेशन शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे आणि द्वारका चौकात अडकलात तर पाऊण तास गेला म्हणून समजा. अशा वेळी त्यालाच अर्ध्या वाटेवर बोलवा, किंवा अख्खा दिवस तिकडेच घालवा. एक भेट भगूरला आणि दुसरी आनंदवल्लीला असं कधीही ठरवू नका.

शहरात सिटीलिंकची बस स्वस्त पडते. पंचवटीत निमाणी आणि मध्यात सीबीएसजवळून बहुतेक मार्ग मिळतात. रिक्षा मीटरवर चालेल हे गृहीत धरू नका, बसण्याआधी भाडं ठरवा. ठरलेल्या मार्गांवर शेअर रिक्षा सीटवर चालतात, त्या एकट्या माणसाला परवडतात. महिला स्वयंसेवकांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे.

पिशवीत काय घ्यायचं

एक धुतलेला जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घ्या आणि तो नाशकात पोचल्यावर घाला. घाटातली धूळ किंवा पावसाळ्यातला चिखल अंगावर घेऊनच उतरावं लागतं. चार्जर, पाण्याची बाटली, शंभर-दोनशेचे सुट्टे, समन्वयकाचा नंबर कागदावर लिहून. ताप, खोकला किंवा जुलाब असतील तर तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असलेल्या घरी जाऊ नका. वैद्यकीय शिबिरात असाल तर हे दुप्पट जपा.

भेट म्हणून शहरातली मिठाई नेण्यापेक्षा तुम्ही जिथे काम करताय तिथलं काही न्या. पेठ-सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, अर्धा किलो, तीही अख्खी, कारण पीठ लवकर खवट होतं. इगतपुरी-घोटीकडचा तांदूळ. हिवाळ्यात सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मिळते, पण ती उथळ खोक्यात एकाच थरात ठेवा, नाहीतर घाटातून येताना तिचा लगदा होतो. मे महिन्यात करवंदं. एक गोष्ट मात्र पाळायचीच: हे गावातून विकत घ्या, बाजारभावाने. तुम्ही कामाला आलात म्हणून घरातली बाई भरल्या हाताने फुकट द्यायला बघेल. तिच्या घरातला तो वर्षाचा साठा असतो.

दिवस कसा मांडायचा

सकाळची भेट मोठी ठेवा. सकाळी माणसं ताजी असतात, मागे परतीच्या गाडीची घाई नसते, आणि नाशकात सकाळी मित्रांना गोळा करायला मिसळीइतकं सोपं निमित्त दुसरं नाही. नऊ-साडेनऊला मिसळ ठरवा. रविवारी नावाजलेल्या ठिकाणी थांबावं लागतं. त्या दिवशी एकाला आधी पाठवून नाव लिहायला सांगा, नाहीतर सरळ साध्या, कमी गर्दीच्या दुकानात बसा. मिसळीचं दुकान बोलायला बरं असतं तासभर. त्यानंतर टेबलाची वाट बघणारी माणसं डोक्यावर उभी राहतात, तिथून उठावंच लागतं. म्हणून मिसळीनंतर कुठे बसायचं ते आधीच ठरलेलं हवं.

पोटाचाही विचार करा. आठवडाभर वरण-भात आणि नागलीची भाकरी खाल्लेल्या पोटात एकदम काळ्या रश्श्याच्या तीन वाट्या गेल्या तर परतीच्या घाटात त्रास होतो. रस्सा मागवून चवीपुरता घ्या, दही सोबत घ्या, आणि दुपारी हलकं खा.

बसायला जागा कुठली? चालत चालत बोलायचं असेल तर पांडवलेणी उत्तम. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या दोघांना समोरासमोर बसून बोलणं जड जातं. शेजारी चालताना बोलणं सैल होतं, मधली शांतताही खटकत नाही. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, वीसेक मिनिटांत माणूस वर पोचतो. चोवीस लेण्यांचा समूह आहे, सावली आहे, बसायला दगडी ओटे आहेत. उन्हाळ्यात मात्र आधी लेणी, मग मिसळ, आणि दहाच्या आत वर पोचा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, गुडघे दुखणाऱ्या मित्राला नेऊ नका. पेठ रोडवर परतायचं असेल आणि दोघांचेही पाय चांगले असतील तर वाटेतला रामशेज किल्ला सोपा आहे, पण त्याला पूर्ण सकाळ द्यावी लागते.

गोदाकाठ सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच बरा. दुपारी घाटाच्या फरशा तापतात. बुधवारी तिथे बाजार भरतो, तेव्हा निवांत बोलणं होत नाही. भाजीची गंमत घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलंय का ते बातम्यांत बघून जा. नाशिककर पुराची उंची गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात: पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेला लागलं असेल तर काठाकडे फिरकू नका, मित्राने कितीही आग्रह केला तरी.

गोदाकाठचं सोमेश्वर मंदिर सुट्टीच्या दिवशी गर्दीने भरलेलं असतं, त्या दिवशी ते सोडा. आणि द्राक्षमळ्यातल्या वाइनरीत जायचा बेत मित्र हमखास काढतो. शिबिरात परतायचं आहे, बहुतेक शिबिरांत दारू पिऊन येणं चालत नाही, आणि ते बरोबर आहे. आधीच नाही सांगून टाका.

रंगपंचमीला सुट्टी आली तर ती पर्वणीच समजा. तिवंधा, शनि चौक या जुन्या भागांत रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेले जुने दगडी हौद, उघडतात आणि शहरभर विखुरलेले वाड्यातले जुने सवंगडी त्या दिवशी आपोआप तिथे येतात. रहाडीचा रंग कपड्यांतून जात नाही, त्यामुळे दुसरा जोड हवाच.

मित्राच्या घरी

दोन भेटींतली एक घरी असेल तर ती जेवणाची की चहाची हे दोन दिवस आधी ठरवून सांगा. न सांगता गेलात तर नाशकातल्या घरात 'जेवल्याशिवाय जायचं नाही' हे ठरलेलंच, आणि मग दुसरी भेट कोलमडते. काकूंना फोन करून म्हणा, 'काकू, या वेळी फक्त चहा, दुपारचं जेवण दुसरीकडे कबूल केलंय.' त्यांना वाईट वाटेल, पण स्वयंपाक करून वाट बघायला लागण्यापेक्षा हे बरं. एकादशी किंवा श्रावणातला उपवास असेल तर तेही विचारून घ्या. वाटेत साबुदाणा वडे घेतले तर सगळ्यांना चालतात.

घरात शिरल्यावर आधी मित्राच्या आईवडिलांपाशी बसा. पाया पडा, त्यांना वेळ द्या, निदान दहा मिनिटं. जुन्या मित्राच्या आईला तुम्ही आठवत असता ते तुमच्या तेव्हाच्या खाण्यावरून, आणि तिच्याशी झालेलं हे बोलणं मित्रासाठीही मोलाचं असतं. मग गच्चीवर किंवा बाहेर चालायला जा. बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर दोन मित्रांचं मनातलं बोलणं होत नाही. मित्राच्या बायकोला किंवा नवऱ्याला कॉलेजच्या किश्श्यांमध्ये बाजूला पडल्यासारखं होऊ देऊ नका. त्यांच्या कामाबद्दल विचारा. आणि जुनी प्रेमप्रकरणं, उडालेले पेपर असले किस्से मुलांसमोर नकोत.

बोलणं

जुन्या आठवणी अर्ध्या तासात संपतात. सरांची नक्कल झाली, कॅन्टीन झालं, कोण कुठे आहे ते झालं, आणि मग दोघंही फोन बघायला लागतात. यावर उपाय एकच: आजचं विचारा, आणि नेमकं विचारा. 'काय चाललंय?' याला 'बरं चाललंय' याखेरीज उत्तर नसतं. 'दिवसभरात तुझं मुख्य काम काय असतं?', 'आईची तब्येत आता कशी असते, घरात कोण बघतं?', 'तबला अजून वाजवतोस का?' अशा प्रश्नांना माणूस खरं उत्तर देतो. पगार, फ्लॅट किती खोल्यांचा, मूल का नाही, लग्न का नाही, किती जाड झालास, हे विषय समोरच्याने काढले तरच.

स्वयंसेवकांच्या हातून एक चूक वारंवार होते, तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आठवडाभर वेगळ्या जगात राहून आलेला माणूस तासभर त्या जगाबद्दलच बोलत राहतो. पाण्यासाठी बायका किती लांब जातात, शाळेत काय नाही, आणि शहरातले लोक कसे बेफिकीर. समोर बसलेल्या मित्राने काल दहा तास मशीनवर उभं राहून काढलेले असतात. त्याला आपल्यावर ठपका ठेवल्यासारखं वाटतं. कामाबद्दल दहा मिनिटं बोला, त्याने विचारलं तर अजून बोला. पाड्यावरच्या मुलांचे, पेशंटचे फोटो दाखवत बसू नका. त्यांनी ते तुमच्या मित्रांना दाखवायला काढू दिलेले नाहीत. आणि संस्थेसाठी देणगी या भेटीत मागायचीच नाही. त्याने आपणहून विचारलं तर संस्थेचा नंबर द्या आणि विषय बदला.

जुनं भांडण असेल तर? उसने पैसे राहिले असतील तर ते भेटीआधीच पाठवून द्या, सोबत एक ओळ लिहून. पैशाचा विषय टेबलावर आला की बाकी काही बोलणं होत नाही. भांडण मनाचं असेल तर त्या मित्राला एकट्याला भेटा, कंपूत नाही, आणि त्याला दिवसातली पहिली, मोठी भेट द्या. दुपारी साडेतीनला, घड्याळाकडे बघत, असली बोलणी होत नाहीत. तुमच्याकडून जे चुकलं ते एका वाक्यात मान्य करा. 'पण तू सुद्धा' हे दुसरं वाक्य गिळा. तो लगेच विरघळला नाही तरी चालेल. चहा संपवून, पुन्हा फोन करेन एवढं सांगून निघा, आणि आठवड्याभरात तो फोन खरंच करा.

बिलाबाबत नाशकात ओढाताण होतेच. आल्या आल्या सांगून टाका, 'मिसळ तुझी, चहा-जिलबी माझी.' यजमानाला पहिला मान मिळतो आणि तुम्हीही मोकळे होता.

सिंहस्थात सेवेला येत असाल तर

पुढच्या सिंहस्थाचं, म्हणजे नाशिक-त्र्यंबकच्या कुंभमेळ्याचं, ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला जाहीर झालं आहे, आणि नाशिकमधली अमृतस्नानं (पूर्वीची शाही स्नानं) २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या तारखांना. या दिवसांसाठी हजारो स्वयंसेवक येतील आणि त्यांतल्या अनेकांचे मित्र नाशकात असतील. त्यांच्यासाठी वरची निम्मी आखणी बदलते. स्नानाचा दिवस, त्याचा आदला आणि दुसरा दिवस भेटीसाठी धरूच नका. गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगला थांबवतात, आत पायी चालावं लागतं, रस्ते एकेरी होतात आणि तुमची ड्यूटी ऐनवेळी लांबते. भेट मधल्या आठवड्यात ठेवा आणि रामकुंड-तपोवनापासून दूर ठेवा, म्हणजे इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकरोडकडे. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून फोनवर विसंबू नका. आदल्या दिवशीच दुकानाच्या पाटीपर्यंत नेमकी जागा आणि वेळ ठरवा, सोबत दुसरी वेळही: 'अकराला नाही दिसलो तर एकला तिथेच, एकलाही नसलो तर आज जमलं नाही समज.' एवढं ठरलं की कुणी कुणाला शोधत फिरत नाही.

परतताना आणि नंतर

सव्वाचारचा गजर मोबाइलला सकाळीच लावा आणि भेटल्यावर मित्रालाही सांगून ठेवा की चारनंतर मला हाकल. 'सोडतो रे गाडीने' या आग्रहावर एसटी सोडू नका. घाटातून रात्री एकट्याने परत यायचं आहे त्याला, तुम्हाला पोचवून. गाडी चुकलीच तर पहिला फोन समन्वयकाला, दुसरा ज्या मित्राकडे राहू शकता त्याला. अंधारात मिळेल त्या ट्रकने किंवा अनोळखी जीपने आतल्या गावाकडे जायचं नाही, सकाळची पहिली गाडी धरायची. महिला स्वयंसेवकांनी गाडीत बसल्यावर आणि फाट्यावर उतरल्यावर, असं दोनदा कळवायचं समन्वयकाशी आधीच ठरवून घ्यावं.

बसमध्ये बसल्या बसल्या, अजून रेंज आहे तोवर, तीन कामं उरका. नंबर सेव्ह करताना नावापुढे कुठे भेटलो आणि मुलांची नावं लिहून ठेवा. दोघांना मिळून एक निरोप न पाठवता वेगवेगळा निरोप पाठवा, त्यात त्या भेटीतली एखादी खरी गोष्ट असू दे: आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख, मुलीची दहावी. आणि ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, त्या दिवशी फोन करण्यासाठी. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी विचारा. ज्यांना भेटणं झालं नाही त्यांना तो फोटो बघून दुसऱ्याकडून कळतं की तुम्ही येऊन गेलात, आणि ते लागतं. त्यांना फोटोच्या आधी स्वतः कळवा: 'आलो होतो, एकच दिवस होता, या वेळी दोघांनाच भेटू शकलो. पुढच्या फेरीला तुझ्यापासून सुरुवात.' हे ज्यांना लिहाल त्यांची नावं एका कागदावर उतरवून ठेवा आणि पुढच्या वेळी आखणी करताना तो कागद आधी काढा.